खांबात मुरलेलं पाणी

माझी मोठी काकू दुधावर विश्वास ठेवत नसे. दूधवाला दूरच राहिला, ती दुधावरच ठेवत नसे. भांडं गॅसवर चढवलं की समोर ठाण मांडून म्हणायची, "मी पाठ फिरवायचीच वाट बघतंय मेलं." संशय घ्यायला तिला माणूसच लागायचा असं नाही. कुलूप लावलं की ती ते तीनदा ओढून बघे, आणि जिना उतरून खाली आली की पुन्हा वर जाऊन चौथ्यांदा ओढे.

मुख्य चौकात तिचं बटणांचं दुकान होतं. बटणं, दोरे, लेस, हुक, इलॅस्टिक. जमिनीपासून छतापर्यंत लहान लहान लाकडी खणांची भिंत, प्रत्येक खणावर आतलं एक बटण शिवून लावलेलं, आणि वरच्या खणांसाठी चाकांची शिडी. काका गेल्यावर ती एकटीच दुकान बघायची. गिऱ्हाईक कोटाचं बटण मागायला आलं की आधी तिचे प्रश्न सुरू व्हायचे. कोट कुणाचा? जुनं बटण कुठे गेलं? तुटलं की तोडलं? चौकातले लोक तिला 'चौकशी' म्हणत. तिलाही ते ठाऊक होतं. "चौकात राहून चौकशी नाही करायची, तर काय डोळे मिटून बसायचं?" असं ती उलट विचारायची.

शेजारचं दुकान आमचं. चिनी मातीची आणि काचेची भांडी. बाबा म्हणजे तिचे धाकटे दीर. दोन्ही दुकानं एकाच इमारतीत, आणि ती इमारत पणजोबांनी बांधलेली. फिकट पिवळ्या दगडाची दर्शनी भिंत, खाली पाच कमानी, त्यांच्यावर उंच खिडक्या, प्रत्येक खिडकीपुढे वेलबुट्टीचा लोखंडी कठडा, आणि अगदी वर, छपराच्या काठावर, दगडी फुलदाण्या. लोक रस्ता ओलांडताना मध्येच थांबून फोटो काढत. मागच्या गल्लीतून मात्र तीच इमारत साध्या विटांची, चुन्याचे पोपडे निघालेली दिसे. काकू म्हणायची, "पुढून जावईबापू, मागून उधारीवाला. ज्या घराला दोन तोंडं, त्याच्यावर भरवसा कसा ठेवायचा?"

आत सगळी मदार एका बिडाच्या खांबावर होती. अंगावर उभ्या पन्हळी, माथ्यावर पानांचा गुच्छ. तळघरातून निघून तो दुकानातून वर, पहिल्या मजल्यातून आणखी वर, थेट छपरापर्यंत गेलेला. पूर्वी दुकान एकच होतं आणि खांब त्याच्या मधोमध उभा होता. आजोबांच्या मागे दोघा भावांनी मध्ये भिंत घातली. ती सरळ येता येता खांबापाशी आली आणि काकूच्या बाजूला फुगली. म्हणजे खांब आमच्याकडे आला आणि तिच्या भिंतीला पोट आलं. वरच्या मजल्यावर, जिथे आम्ही दोन्ही घरं राहायचो, खोल्यांची वाटणी वेगळी पडली, त्यामुळे तोच खांब तिच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात निघाला.

"भाऊजींनी खांब का मागून घेतला असेल?" हे काकूने काकांना आयुष्यभर विचारलं. काका सांगत, "अगं, कुणीतरी घ्यायलाच हवा होता. दुकानात खांब म्हणजे अडचण. त्याने अडचण घेतली."

"अडचण कुणी मागून घेतं का?" काकू म्हणे. तिच्या वडिलांना भागीदाराने गोड बोलून रस्त्यावर आणलं होतं. तेव्हापासून कुणी चांगलं वागलं की तिच्या मनात पाल चुकचुकायची.

तर अशी आमची काकू. आता जे घडलं ते सांगते.

त्या वर्षी पावसाळा सुरू होता होता बाबांचं वागणं बदललं. मी तेव्हा कॉलेज संपवून दुकानात बसायला लागले होते, तरी मला ते लगेच कळलं नाही. काकूला कळलं. एका दुपारी ती आमच्या दुकानात आली आणि कपबशा बघायला लागली. भिंत घातल्यापासून तिने आमच्याकडून साधी बशी घेतली नव्हती. एक कप उचलून उजेडात धरला, पण तिची नजर कपापलीकडे खांबावर होती. खांबाला चारी बाजूंनी प्लायवूड ठोकलेलं होतं.

"हे काय नवीन?"

"रंग द्यायचाय, वहिनी," बाबा म्हणाले.

"रंग द्यायचा तर उघडा करतात. झाकतात का?"

बाबांनी कप तिच्या हातातून हलकेच घेतला आणि जागेवर ठेवला. "धूळ बसू नये म्हणून."

काकू निघून गेली. संध्याकाळी जिन्यात मला गाठून म्हणाली, "रंगाचा डबा आलाय का गं दुकानात? ब्रश?"

मी नाही म्हटलं.

"बघ. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं."

त्यानंतर तिने बाबांवर पाळत ठेवली. तिच्या काउंटरमागून मागच्या गल्लीत वळायचा चौकाचा कोपरा बरोबर दिसायचा. तिने हेरलं की दुपारी, दुकानं जेवणासाठी बंद असताना, एक वेल्डर आमच्या मागच्या दाराने येतो. येताना पिशवीच्या वजनाने त्याचा खांदा वाकलेला असतो आणि जाताना तो सरळ चालतो. "काहीतरी आत येतंय," ती मला म्हणाली, "आणि बाहेर जात नाही. माल असेल तर दर्शनी दाराने का येत नाही?" मी हसले. पण दुसऱ्या दिवशी मीही मागच्या दाराकडे बघितलं. वेल्डर आला, बाबांनी त्याला तळघरात नेलं आणि दार आतून लावून घेतलं. तळघरात आमचे भांड्यांचे खोके आणि भांडी गुंडाळायचं गवत असायचं. किल्ली कायम दारालाच लटकलेली असे. आता ती बाबांच्या खिशात असायची.

मी आईला विचारलं. आई म्हणाली, "मला काही विचारू नकोस. मला विचारलंस तर मला त्यांना विचारावं लागेल." आमच्या घरात आई मूग गिळून बसली की समजायचं, तिलाही माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचंही नाही.

त्याच सुमारास बाबांनी बेकरीच्या मागे तळमजल्यावर दोन खोल्या भाड्याने घेतल्या. आईचे गुडघे दुखतात, जिना नको, असं सांगून त्यांनी आम्हा दोघींना तिकडे हलवलं. आईचे गुडघे दुखत होते हे खरं, पण ते दहा वर्षांपासून दुखत होते. बाबा स्वतः मात्र झोपायला दुकानातच राहिले. "महागडा माल आलाय," म्हणाले, "राखण हवी."

काकूला हे कळलं तेव्हा तिने दुकानाला एक जादा कडी बसवून घेतली.

मग बटणं घरंगळायला लागली. म्हणजे ती आधीही घरंगळत असतील, पण काकूचं लक्ष आता गेलं. वर स्वयंपाकघरात बसून ती बटणांच्या जोड्या लावायची. हातातून सुटलेलं बटण सरळ खांबाच्या दिशेने जायचं आणि तिथेच पडायचं. तिने मला वर बोलावून दाखवलं. टेबलाच्या या कडेला फरशीवर एक मोठं काळं बटण उभं धरून सोडलं, ते खांबाशी जाऊन आडवं झालं. दुसऱ्या कडेने सोडलं, तेही तिकडेच. खांबाच्या बुडाशी फरशीला एक केसासारखी भेग होती.

"पावसात हा खांब बोलतो, माहितीये?" ती हळूच म्हणाली. "कान लावला की गुळगुळ आवाज येतो. इतकी वर्षं येतोय. या पावसाळ्यात आवाज बदलला. आता वर गुळगुळ येते आणि खाली काहीच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे भाऊजी खालून खणतायत. तळघरातून माझ्या बाजूला येतायत. जागा वाढवतायत. खांब मागून घेतला तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं." आणि मग डोळे बारीक करून, "नाहीतर आजोबांनी खांबात काही ठेवलं असणार. पोकळ आहे तो. वाजवून बघ."

मी वाजवून बघितलं. पोकळ होता.

दोन दिवसांनी बाबा वर तिच्याकडे गेले. मी तेव्हा तिथेच होते, तिला दोऱ्यांची रिळं लावून देत होते. बाबा दारातच उभे राहिले, आत आले नाहीत.

"वहिनी, एक बोलायचं होतं. तुम्ही जरा महिनाभर बहिणीकडे जाऊन या ना. हवापालट होईल. दुकान मी बघतो."

काकूने हातातलं रीळ टेबलावर ठेवलं. "माझी हवा चांगली आहे."

"तसं नव्हे हो. दगदग होते तुमची..."

"भाऊजी, तुम्हाला माझी दगदग आज दिसली? हे गेले तेव्हा दिसली नाही ती?"

बाबांचा चेहरा पडला. ते काहीतरी सांगणार होते, ओठ उघडलेही होते. मग माझ्याकडे बघितलं, खांबाकडे बघितलं, आणि "बरं, तुमची मर्जी," म्हणून जिना उतरले. जिन्यात त्यांची पावलं नेहमीपेक्षा हळू पडत होती, जणू फळ्यांवर वजन टाकायला ते घाबरत होते.

"बघितलंस?" काकू म्हणाली. "तुम्हाला आधीच हलवलं. आता मला हलवतायत. एकदा का मी बाहेर पडले, की परत आल्यावर माझ्या कुलपाला माझी किल्ली लागायची नाही. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, ते हे असं."

तेव्हा पहिल्यांदा मला तिच्या बोलण्यावर हसू आलं नाही. आम्हाला हलवलं, ही गोष्ट तिने अशी उघड बोलून दाखवली आणि माझ्या रिळांचे रंग चुकायला लागले.

पुढच्या सोमवारी काकू डोक्यावर स्कार्फ बांधून नगरपालिकेत गेली. अर्जबिर्ज नाही, थेट इमारत विभागाच्या इंजिनिअरच्या टेबलापुढे जाऊन बसली आणि उठेना. "माझा दीर माझ्या पायाखालची जमीन पोखरतोय," हेच ती पुन्हा पुन्हा सांगत होती. इंजिनिअर तरुण होता, पण उद्धट नव्हता. त्याला वाटलं असणार, बाईंना एकदा बघून समाधान करावं, म्हणजे सुटका होईल. तो तिच्याबरोबर चालतच आला.

दुपारची वेळ होती. बाबा नुकते जेवून आले होते. इंजिनिअरने ओळख करून देऊन तळघर बघायचं म्हटल्यावर बाबा एकदम काउंटरवर टेकले. मग त्यांनी खिशातून किल्ली काढून दिली. काकूने त्यांच्याकडे असं बघितलं, जणू चोराला मुद्देमालासकट पकडलंय.

आम्ही सगळे खाली गेलो. काकू सगळ्यात पुढे.

तळघरात खणलेलं काही नव्हतं. खोके एका बाजूला रचलेले होते आणि खांबाच्या भोवती लाकडी ओंडके, लोखंडी नळ्या आणि ट्रक उचलतात तसले जॅक छतापर्यंत दाटीवाटीने उभे केलेले होते. त्यांच्या मधोमध खांबाचं बूड दिसत होतं. ते बूड राहिलंच नव्हतं म्हणा. गंजाचे जाड थर सोलून निघाले होते, एका बाजूला हात जाईल एवढं भोक पडलेलं, आणि त्यातून तांबडं पाणी थेंब थेंब खाली येत होतं. जमीन चिखलासारखी मऊ झालेली.

इंजिनिअरने टॉर्च मारला. खांबाच्या बुडापासून छतापर्यंत उजेड फिरवला. मग त्याने आवाज खाली घेऊन विचारलं, "छपराचं पाणी कुठून जातं, माहीत आहे का कुणाला?"

कुणालाच माहीत नव्हतं. त्यानेच समजावलं. पणजोबांना त्या सुंदर दर्शनी भिंतीवर पाण्याचे नळ नको होते. म्हणून छपराचा उतार मध्यात आणून सगळं पाणी या पोकळ खांबातून खाली गटारात सोडलं होतं. गटार कधीतरी तुंबलं. मग पाणी खांबातच साचत राहिलं आणि आतून त्याला खात राहिलं.

कुठेतरी पाणी मुरतंय, असं काकू महिनाभर म्हणत होती. मुरत होतं. फक्त तिने दाखवलं तिथे नाही.

"हे टेकू कुणी लावले?" इंजिनिअरने विचारलं.

"मी," बाबा म्हणाले. "वेल्डरकडून. गळती बंद झाली की नवीन बूड बसवणार होतो. हळूहळू."

"आणि वर माणसं राहतायत?"

काकू म्हणाली, "मी राहते."

इंजिनिअरने तिला हाताला धरून जिना चढवला, आणि आम्हा सगळ्यांना इमारतीबाहेर काढलं. वरून काय आणायचं ते फक्त त्याच्या माणसाने आणलं. काकूने एक पेटी, चष्मा आणि कपाटातले कागद मागितले. तो माणूस पेटी घेऊन आल्यावर तिने ती उघडून आत सगळं आहे ना ते तिथेच रस्त्यावर बघून घेतलं. दारांना सील लागलं. पक्के टेकू लावायला दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं येणार होती.

त्या संध्याकाळी पाऊस आला. आम्ही चौकापलीकडच्या कॉफीच्या दुकानात बसलो होतो. कुणालाच घरी जावंसं वाटत नव्हतं. काकू एका टेबलावर, बाबा दुसऱ्या. मध्ये मी आणि आई. पाऊस वाढला तसं बाबा काचेपाशी जाऊन उभे राहिले. आणि मग आवाज आला. स्फोटासारखा नव्हता. जड कपाट कुणीतरी जमिनीवरून ओढावं तसा, लांबलचक. त्याच्यामागून काच फुटल्याचा, खूप काच फुटल्याचा आवाज, तो थांबेचना.

बाहेर धावलो तर समोर काहीच झालेलं नव्हतं. पाचही कमानी जागच्या जागी, कठडे सरळ, वर दगडी फुलदाण्या. दर्शनी भिंत आपल्या बळावर उभी होती. फक्त आमच्या शटरच्या फटीतून पांढरी धूळ बाहेर येत होती आणि वर काकूच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून संध्याकाळचं आभाळ दिसत होतं. छपराचा तो भाग आणि तिचं स्वयंपाकघर आमच्या दुकानात येऊन पडलं होतं. टेबल, गॅस, दुधाचं भांडं, सगळं.

काकू पावसात उभी राहून वर बघत होती. मी तिचा हात धरला. "या वेळेला मी चहा करते," ती म्हणाली.

बाबा आमच्या मागे उभे होते. ती वळली. मला वाटलं, आता ती त्यांना मारेल किंवा रडेल.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"हो."

"कधीपासून?"

"पाऊस सुरू व्हायच्या आधीपासून. नगरपालिकेला कळवलं असतं तर दोघांचीही दुकानं त्याच दिवशी बंद झाली असती, वहिनी. मग आपण खाणार काय? मला वाटलं, आवरेल माझ्याने."

"मला सांगायचं होतंत."

"तुम्ही विश्वास ठेवला असता?"

काकू वळून पुन्हा त्या खिडकीकडे बघायला लागली. आईने तिला खांद्याला धरून बेकरीमागच्या आमच्या खोल्यांवर नेलं. तिथे ती दीड वर्ष राहिली, माझ्याच खोलीत. पहिल्या आठवड्यात ती माझ्या खाटेखाली वाकून बघायची, काय असेल म्हणून. मग बघायची थांबली.

इमारत दुरुस्त झाली. खांबाच्या जागी पोलादी खांब आला. छपराचं पाणी आता मागच्या गल्लीत, सरळ दिसणाऱ्या नळातून जातं. पुढून बघणाऱ्याला काही फरक कळत नाही. लोक अजून फोटो काढतात. काकूचे बटणांचे खण जवळजवळ सगळे वाचले, पण आमची भांडी गेली. बाबांनी नंतर दुसरा धंदा धरला, ते पुन्हा त्या चौकात बसले नाहीत.

मला मात्र एक गोष्ट सोडवेना. आम्हाला बाबांनी हलवलं. तिला नाही. महिनाभर बहिणीकडे जा, एवढं एकदा दारात उभं राहून सांगितलं आणि तिने नको म्हणताच परत फिरले. पण मग स्वतः त्याच खांबाखाली का झोपत होते? राखण करत होते, की शिक्षा भोगत होते, की वर काही आवाज झालाच तर तिला ओरडून उठवता यावं म्हणून? मी बाबांना एकदा विचारलं. ते म्हणाले, "माल होता ना." त्यांच्या डोळ्यांत मी बराच वेळ बघत राहिले. मला काही वाचता आलं नाही.

मग मी काकूला विचारलं. ती नव्या स्वयंपाकघरात बसून बटणं निवडत होती. मला वाटलं होतं, ती यावर सगळ्यात मोठा खटला उभा करेल. तिने चष्मा काढून पुसला.

"तू माझ्यावर गेलीस," ती म्हणाली. "हे चांगलं नाही."

"पण तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, भाऊजी भित्रे आहेत. पहिल्यापासून. भित्र्या माणसाला आधी आपली माणसं हलवायचं सुचतं, मग दुसऱ्याची. आणि दुसऱ्याच्या दारापर्यंत येईपर्यंत त्याचा धीर संपतो." तिने चष्मा पुन्हा चढवला. "पण आले होते. दारापर्यंत आले होते. मीच आत बोलावलं नाही."

"म्हणजे तू त्यांना माफ केलंस?"

"असं मी कुठे म्हटलं?" काकू म्हणाली आणि मला उठवून दार नीट लागलंय का ते बघायला पाठवलं.